फिल्टर तारखेला धुवायचा की मळ पाहून?

चंद्रपुरात होळी झाली की घरोघरी दोन कामं निघतात. गच्चीवर किंवा माळ्यावर ठेवलेला कूलर खाली येतो आणि एसीवाल्याला फोन जातो. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांमध्ये असतात. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी इथं कुणी दचकत नाही. पण उन्हाच्या जोडीला इथली हवाही वेगळी आहे. शहराला लागून २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र. दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ, घुग्घुस, पलीकडे राजुऱ्याची सास्ती, अशा कोळशाच्या खाणी. गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात सिमेंटचे कारखाने. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला.

अशा गावात घरातल्या एसीची जाळी कधी धुवायची, कूलरच्या ओल्या ताट्या कधी बदलायच्या, हे वीजबिलापुरतं राहत नाही. यावर मला नेहमी दोन ठाम बाजू ऐकू येतात. एक कूलर-एसी दुरुस्त करणाऱ्यांची: तारीख ठरवा आणि पाळा. दुसरी बाजू जुन्या, काटकसरी, डोळस गृहिणींची: मळ दिसेल तेव्हा धुवा, उगाच खर्च कशाला? या दोन बाजू मी इथं समोरासमोर बसवल्या आहेत. एक आहे तुकूम भागातला मेकॅनिक. दुसऱ्या आहेत गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या ताई. मध्ये कुठे राहवलं नाही तर मीही बोलेन.

मेकॅनिक: ताई, माझं म्हणणं सोपं आहे. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. कूलरच्या ताट्या दर उन्हाळ्याला नव्या लावा. हवेचा प्युरिफायर असेल तर कंपनीनं सांगितल्या महिन्यांनी फिल्टर बदला. कॅलेंडरवर खूण करा आणि मोकळे व्हा. माणूस ‘पाहू, पाहू’ म्हणत बसला की काम राहिलंच समजा. मे महिन्यात मला फोन येतो, ‘भाऊ, एसी थंड करून नाही राहिला, गॅस संपला वाटते.’ जाऊन पाहतो तर जाळीवर कांबळ्यासारखा थर.

ताई: आणि गॅस?

मेकॅनिक: गॅस काहून संपेल? तो बंद नळीत फिरते. गळती असेल तरच कमी होईल. जाळी तुंबली की पंख्याला हवा ओढता येत नाही. आतल्या कॉईलवरून हवा कमी गेली की कॉईल नको तेवढी गार पडते, तिच्यावर बर्फ धरते. एसी बंद केला की तो बर्फ वितळून भिंतीवरून पाणी टपकून राहते. घरचा माणूस म्हणतो, यंत्र बिघडलं. जाळी धुतली, बर्फ पूर्ण वितळू दिला, की बहुतेक वेळा एसी पहिल्यासारखा चालते.

ताई: म्हणजे त्या घरात खुणा दिसतच होत्या. हवा कमी येत होती, बर्फ धरला, पाणी गळलं. बघितलं कुणी नाही. मी म्हणते, बघायला शिकवा. तुमचे पंधरा दिवस कोणत्या गावचे? माझी भाची आलापल्लीला रस्त्यावरच्या घरात राहते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक त्या वाटेनं आष्टीकडे जातात. तिच्या घरातली जाळी चार-पाच दिवसांत लाल होते. मी धानोऱ्याकडे क्वार्टरमध्ये होते, चहूकडे जंगल, तिथं महिन्यानंसुद्धा जाळी धुवावीशी वाटायची नाही. दोघींना एकच पंधरवडा लावलात, तर भाचीचा एसी दहा दिवस धूळ खात चालणार आणि मी विनाकारण जाळी काढत-घालत तिच्या खुंट्या मोडणार.

मेकॅनिक: खुंट्या मोडतात, हे खरं आहे. प्लॅस्टिक जुनं झालं की ताडकन तुटते. पण तुमच्यासारखं पाहणारे किती? मी रोज दहा घरी जातो. दहातल्या नऊ जणांना जाळी कुठून निघते, हेच माहीत नसते.

ताई: मग तेच सांगा ना त्यांना. समोरचं झाकण वर करायचं, जाळी जराशी वर उचलून खाली ओढायची. काढली की खिडकीच्या उजेडासमोर धरायची. पलीकडचं झाड पान न् पान दिसलं तर परत लावून टाका. धूसर दिसलं तर धुवा. हे काम एका मिनिटाचं आहे. आणि बोट फिरवून बघा कसला मळ आहे. तुकूम-दुर्गापूरकडे करडी, अगदी बारीक राख बसते. खाणीच्या रस्त्यालगत काळा थर, तो बोटाला चिकटतो आणि पुसला की पसरतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पिवळट चिकट मळ, फोडणीच्या तेलाचा. तो नुसत्या पाण्यानं जात नाही, साबण लागतो. मळच सांगतो की तो कुठून आला आणि पुन्हा किती दिवसांत येणार.

*(इथं मला ताईंची बाजू घ्यावीशी वाटते. जाळी उजेडासमोर धरणं ही फुकटची तपासणी आहे आणि ती कुठल्याही पुस्तिकेपेक्षा आपल्या घराबद्दल जास्त सांगते.)*

मेकॅनिक: धुतानाही लोकं गडबड करतात. मळ ज्या बाजूला बसला, त्याच्या उलट बाजूनं पाण्याची धार सोडायची, म्हणजे घाण आली त्या वाटेनं बाहेर पडते. समोरून धार मारली तर ती आणखी आत रुतते. लोखंडी घासणी लावायची नाही. कढत पाणी नाही. आणि धुतलेली जाळी गच्चीवर उन्हात टाकायची नाही. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तिची चौकट वाकडी होते, मग ती खाचेत बसत नाही आणि कडेच्या फटीतून धूळ सरळ कॉईलवर जाते. सावलीत वाळवा. ओलीच लावली तर चार दिवसांत खोलीत कुबट वास.

ताई: हे सगळं मान्य. पण यातलं काहीच तारखेवर अवलंबून नाही.

मेकॅनिक: वीजबिल आहे ना तारखेवर! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे, तुंबलेला फिल्टर काढून स्वच्छ लावला तर एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकते. तुम्ही झाड धूसर दिसायची वाट पाहता, तोवर मीटर फिरून राहते. आणि मोठ्या कारखान्यांत काय करतात, ते पाहा. माझा थोरला भाऊ वीज केंद्रात ठेकेदाराकडे होता. कोळसा जळाला की त्यातली राख धुरासोबत चिमणीकडे निघते. आपल्या कोळशात राखच फार, पार तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त. चिमणीच्या आधी विजेनं भारलेले पत्रे असतात, राख त्यांना चिकटते. मग ठरलेल्या वेळी हातोडे त्या पत्र्यांवर आपटतात आणि राख खाली हौदात पडते. कुणी डोकावून पाहत नाही, मळ किती झाला म्हणून. घड्याळ पाहूनच हातोडा पडतो.

ताई: माझे जावई सिमेंटमध्ये आहेत, त्यांच्याकडची गोष्ट उलटी आहे. तिथं धूळ धरायला कापडी पिशव्या असतात, माणसाहून उंच. पिशवीच्या आत आणि बाहेर हवेचा दाब किती, हे मोजतात. फरक वाढला म्हणजे पिशवी तुंबली. तेव्हा हवेचा झोत मारून तिला झटकतात. ते सांगतात की फार लवकर झटकली तर तोटा होतो, कारण कापडावर धुळीचा पातळ थर बसला की पिशवी आणखी बारीक धूळ धरते.

हा मुद्दा वाचकांनी नीट लक्षात घ्यावा असा आहे, म्हणून संवाद थांबवून सांगतो. कापडी किंवा कागदी फिल्टर थोडा मळला की त्याची छिद्रं बारीक होतात आणि तो आधीपेक्षा चांगला गाळतो. पुढे मात्र हवा जायची वाटच बंद होते आणि गाळायला हवाच उरत नाही. म्हणून कोरा फिल्टर सर्वांत चांगला, हे सरसकट खरं नाही. एसीच्या जाळीची गोष्ट निराळी. ती प्लॅस्टिकची, मोठ्या छिद्रांची. तिचं काम कॉईलला धुळीपासून वाचवणं. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, जे फुप्फुसात खोल जातात आणि ज्यांच्यासाठी भारतात वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, ते या जाळीतून सहज पार होतात. एसी लावला म्हणजे हवा शुद्ध झाली, असं समजून दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या घरांना हे कुणी सांगत नाही. राखेची बारीक धूळ अडवायला वेगळा, घड्या घातलेल्या दाट कागदासारखा फिल्टर लागतो. प्युरिफायरमध्ये असतो तो.

मेकॅनिक: त्याच्याबद्दलच बोला आता. तुमच्या नातवाला दमा आहे म्हणून घरात प्युरिफायर आणला. त्याचा फिल्टर उजेडासमोर धरून झाड दिसते का?

ताई: नवा असतानाही दिसत नाही.

मेकॅनिक: तर मग? काळा झाला म्हणून बदलायचा म्हटलं, तर आपल्याकडे तो महिन्यातच काळपट होते, तेव्हा तर तो चांगलं काम करून राहिलेला असते. आणि पांढरा दिसला म्हणून ठेवला, तर आतला वास शोषणारा कोळसा कधीचा भरून गेलेला असू शकते. इथं डोळा कामाचा नाही. तारीखच पाहिजे.

ताई: त्या यंत्रावर लाल दिवा लागतो ना.

मेकॅनिक: बहुतेक यंत्रांत तो दिवा नुसते तास मोजते. किती तास चाललं, एवढंच त्याला समजते. हवा दुर्गापूरची की महाबळेश्वरची, हे त्याला माहीत नाही. म्हणून मी सांगतो, दिव्याच्याही आधी बदला. आणि तो धुवायचा तर अजिबात नाही. पाणी लागलं की त्याचे धागे बिघडतात, दिसायला स्वच्छ आणि कामाला शून्य.

ताई: निदान एक गोष्ट तरी हाताला कळते. पंखा त्याच वेगावर ठेवून वरच्या जाळीवर हात धरला आणि वारा पूर्वीइतका लागत नसेल, आवाज मात्र वाढला असेल, तर फिल्टर भरला. तेवढी खूण मी धरीन. पण हे मान्य की इथं डोळ्यांवर सोडून चालणार नाही. यंत्र कधी आणलं, ती तारीख मी खोक्यावर लिहून ठेवली आहे. आणि थंडीचं काय? हवा सर्वांत वाईट असते ती डिसेंबर-जानेवारीत. रात्री थंड पडलं की धूर वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. त्यात कुणी शेकोटी पेटवलेली, कुणी कचरा जाळलेला. तेव्हा एसी बंद, कूलर माळ्यावर. तुमच्या पंधरवड्याची सारी वही मार्च ते जूनची. नातवाचं फुप्फुस तर बाराही महिने चालू.

मेकॅनिक: हिवाळ्यात मला या कामासाठी कुणी बोलावतच नाही.

ताई: आणि गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूपत्त्याला नवी पालवी यावी म्हणून आग लावतात. ती कधी कधी जंगलभर पसरते. त्या दिवसांत कूलर लावला की धूर घरात. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, पण कूलर बाहेरची हवा ओढतो. ओली ताटी मोठी धूळ धरते, धूर धरत नाही. अशा दिवशी ताटी नवी असो की जुनी, कूलर थोडा वेळ बंद ठेवलेला बरा.

मेकॅनिक: ४५ अंशांत बंद ठेवायचा?

ताई: धूर असेल तेवढाच वेळ. वारा फिरला, धूर गेला, की पुन्हा लावा. आणि दोन्ही जिल्ह्यांत एसीपेक्षा कूलरच जास्त, तेव्हा त्याच्याबद्दल नीट बोलू. ताट्या दर वर्षी नव्या लावा म्हणता. काहून?

मेकॅनिक: गवताच्या म्हणतात, त्या असतील तर दर वर्षीच. लाकडाचं ते बारीक कातरण एका मोसमात दबते, खाली सरकते. वर बोटभर फट पडली की पंखा तिथूनच कोरडी गरम हवा ओढते. बाकी ताटी कितीही ओली असो, खोली थंड होणार नाही. मधाच्या पोळ्यासारखी जाड कागदाची असेल, तर दोन-तीन मोसम चालते. वाळ्याची असेल तर वास मस्त येते, पण वासावर जाऊ नका. पाणी सगळीकडून उतरते का, ते पाहा. मध्येच कोरडे पट्टे दिसले, पांढरा क्षार धरला, तर बदला.

ताई: बघा, आता तुम्हीच खुणा सांगितल्या.

मेकॅनिक: सांगितल्या. ताटी डोळ्यांना दिसते, म्हणून.

ताई: क्षाराचं कारणही सांगा लोकांना. बोअरचं जड पाणी. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार टाकीतच राहतो. आपण वरून पाणी भरत जातो, खालचं कधी काढत नाही. दिवसागणिक टाकीत मिठागर होतं आणि तेच पाणी पंप ताटीवर सोडतो. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी केली, तर ताटी जास्त टिकेल.

मेकॅनिक: आठवड्याला? ताई, पाणी किती जाईल! उन्हाळ्यात नळ दिवसाआड. टाकीतलं पाणी घाण दिसलं की बदलावं.

ताई: नाही. इथं मी तुमचं ऐकणार नाही. फिल्टरला मी डोळा म्हटलं, पण टाकीला मी तारीखच म्हणेन आणि त्यात एक दिवसही सूट देणार नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी घाण दिसायची वाट बघाल, तर तोवर डास उडून गेलेला असेल. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. मी उगाच तो आकडा धरून नाही बसले. दारोदार जाऊन आम्ही टॉर्च लावून टाक्या तपासायचो. वरून पाणी नितळ, काठाशी वाकून बघितलं की वळवळणाऱ्या अळ्या. घरची बाई म्हणायची, ‘ताई, कालच तर भरलं पाणी.’ काल भरलं असेल, पण काढलं कधी होतं?

मेकॅनिक: पण नुसतं पाणी काढलं तर...

ताई: नुसतं काढून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. म्हणून टाकी घासायची, काठ घासायचे, मग वाळवायची. काढलेलं पाणी फेकायचं नाही, तर अंगणात, झाडांना घालायचं. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन, बरोबर कूलरच्या ऐन मोसमात येतो. तेव्हा सगळे भाषणं करतात. खरी गडबड होते जूनच्या शेवटी. पाऊस आला, हवेत दमटपणा आला, कूलर काम करेनासा झाला की लोक पंखा बंद करून निघून जातात. टाकीत अर्धं पाणी तसंच. पुढचे तीन महिने तो कूलर डासांचा.

मेकॅनिक: हे पटते. पंप काढायला, कूलर गुंडाळायला लोकं मला बोलावतच नाहीत. लावायला बोलावतात. त्यांनी बोलावलं पाहिजे. आणि ताई, हे सांगताना एक सांगत जा. टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढा. नुसतं बटन बंद करून नाही, प्लगच बाहेर. लोखंडी कूलर, ओली फरशी, पंपाची वायर कुठे सोललेली, अर्थिंग नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लहान लेकरं जातात.

ताई: हे मी टाकीच्याही आधी सांगेन.

दोघांच्या बोलण्यातून मला एक रेघ दिसते ती अशी. एसीची जाळी आणि कूलरची ताटी आपली दशा दाखवतात, तिथं ताईंचा डोळा बरोबर. प्युरिफायरचा दाट फिल्टर आणि टाकीतलं नितळ पाणी आपली दशा लपवतात, तिथं मेकॅनिकचं कॅलेंडर बरोबर, मग टाकीचं कॅलेंडर ताईंच्या हाती असेना का. पण मेकॅनिकनं शेवटी एक प्रश्न काढला, त्याचं उत्तर या रेघेत सापडत नाही.

मेकॅनिक: घरी तुम्ही आहात म्हणून डोळा चालते. वसतिगृहात? तहसील कचेरीत? उपकेंद्रात? मी सरकारी कचेऱ्यांतले एसी उघडले आहेत. जाळी हाताला येत नाही, इतकी चिकटलेली. तिथं पाहणारं कुणी नाही असं नाही, सगळेच पाहतात. प्रत्येकाला वाटते, दुसरा करेल. तिथं कोणता डोळा लावता?

ताई: तिथं तारीखच लागेल. पण कपाटातल्या फाईलमध्ये लिहिलेली तारीख नको. आमच्या खात्यात फवारणीवाले, मलेरियावाले घराच्या भिंतीवरच तारीख टाकून जात. कुणी येऊन गेलं की नाही, हे गावातल्या कुणालाही वाचता यायचं. तसं एसीच्या झाकणावर आणि कूलरच्या पत्र्यावर पेंटनं चार रकाने आखा. जाळी कधी धुतली, टाकी कधी घासली, पंपाची वायर कधी तपासली, आणि कोणी.

मेकॅनिक: ‘कोणी’ लिहायला तयार होतील?

ताई: उपकेंद्रात मी लिहायला लावलं असतं. आश्रमशाळेत मुलंच लिहितील, त्यांना टाकीतल्या अळ्या एकदा भिंगातून दाखवल्या की. कचेरीत मात्र साहेबांच्या खोलीपासून सुरू करावं लागेल.

मेकॅनिक: पेंट मी आणतो. तुकूमच्या शाळेत तीन कूलर आहेत, सोमवारी उतरवायचे आहेत. रकाने तिथंच आखून टाकू.